दर पाच हातांमागे एक श्वास

कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले, तेव्हा श्वास हा प्रश्नच नव्हता. ब्रेस्टस्ट्रोक, डोकं पाण्याबाहेर. २१ तास ४५ मिनिटं लागली खरी, पण हवा कायम नाकासमोर. १९२६ मध्ये अमेरिकन जलतरणपटू गर्ट्रूड एडर्लीने तीच खाडी क्रॉलने, म्हणजे पालथं पडून एकेक हात आळीपाळीने पुढे टाकत, साडेचौदा तासांच्या आसपास ओलांडली आणि तोवरच्या पुरुषांनाही मागे टाकलं. क्रॉल असा लांब पल्ल्यावर रुळला, आणि क्रॉलमध्ये तोंड पाण्यात असतं. श्वास हातांच्या तालात बसवावा लागतो.

श्वास मुद्दाम कमी घेण्याचा सराव मात्र डोंगरावरून आला. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत, सुमारे २,२४० मीटर उंचीवर भरलं आणि विरळ हवेतल्या सरावाची चर्चा जोरात सुरू झाली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात ऑलिंपिक विजेता जलतरणपटू मार्क स्पिट्झला घडवणारे प्रशिक्षक जेम्स 'डॉक' काउन्सिलमन यांनी सत्तरच्या दशकात त्यावर तलावातलाच उपाय रुजवला: दर दोन हातांऐवजी तीन, पाच, सात हातांमागे एक श्वास. प्राणवायू कमी पडेल आणि शरीर डोंगरावर असल्यासारखं तयार होईल, असा हिशेब. म्हणून नाव पडलं 'हायपॉक्सिक', म्हणजे कमी प्राणवायूचा, सराव.

हिशेब चुकला होता. मोजमापं झाली तेव्हा दिसलं, की अशा पोहण्यात रक्तातला प्राणवायू सहसा फारसा उतरत नाही. साचतो तो कार्बन डायऑक्साइड. चौथ्या हाताला छाती आवळते, गळ्याशी काहीतरी धडका मारतं, मान आपोआप वळायला बघते, ते याच्यामुळे. श्वासाची ओढ मुख्यतः हाच वायू लावतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवलं होतं! म्हणजे सराव होतो तो घुसमट सोसण्याचा आणि तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे सोडत राहण्याचा. माझ्या मते दुसरा फायदा मोठा. मान वळल्यावर हवा आत घ्यायला जेमतेम क्षण मिळतो, तो उच्छ्वासात घालवणारा दोन फेऱ्यांत धापा टाकतो.

धोका मात्र खरा आहे. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले, की कार्बन डायऑक्साइड आधीच निघून जातो. ओढ उशिरा लागते आणि प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली, कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो. अमेरिकन संशोधक अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्येच हे मांडलं होतं.

आणि १५०० मीटरच्या शर्यतीत? तिथे बहुतेक अव्वल पोहणारे आजही दर दोन हातांमागे श्वास घेतात.