पुडी, पार्सल आणि उंबरठा: घरपोच औषधांबद्दलच्या लोकमताची पार्श्वभूमी

घरपोच औषधांबद्दल विचारले की दोन प्रकारची उत्तरे येतात आणि पुष्कळदा ती एकाच माणसाकडून येतात. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी आल्या तर उत्तमच. पण औषध नवे असेल किंवा मूल तापाने फणफणले असेल, तर दुकानात जाऊन, विचारून घेतलेले बरे. याला कोणी धरसोड म्हणेल. मागचा इतिहास पाहिला तर दोन्ही मते अनुभवातून आलेली दिसतात.

औषध देणारा माणूस वैद्याहून वेगळा असावा, हा विचार जुना आहे. सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० च्या सुमारास हे दोन व्यवसाय कायद्यानेच वेगळे केले. वैद्याने औषधवाल्याशी भागीदारी करायची नाही आणि औषधवाल्याच्या कामावर सरकारी देखरेख राहील, असे त्यात ठरले. म्हणजे दुकान हे विक्रीचे ठिकाण होतेच, शिवाय चूक झाली तर कोणाला धरायचे याचा तो पत्ताही होता. घरपोच सेवेवरचे आजवरचे सगळे वाद याच्याभोवती फिरतात: औषध दुकानाबाहेर पडले की पत्ता कोणाचा?

दुकानातला पोऱ्या चार घरे टाकून पुडी देऊन येई, तोवर हा प्रश्न कोणाला पडला नाही. पोऱ्या ओळखीचा आणि त्याला पाठवणाराही. धास्ती आली ती टपालातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'पेटंट औषधां'चे पेव फुटले. नावापुरते पेटंट, खरे तर आत काय आहे हे गुपित ठेवण्यावरच हा धंदा चाले. वर्तमानपत्रात जाहिरात वाचायची, पैसे पाठवायचे आणि बाटलीची वाट पाहायची. कित्येक बाटल्यांत दारू, अफू, मॉर्फिन किंवा कोकेन असे आणि तसे लेबलावर सांगण्याची सक्ती नव्हती. १९०५ मध्ये कोलियर्स या साप्ताहिकाने या धंद्याचे वाभाडे काढणारी लेखमाला चालवली आणि १९०६ च्या कायद्याने असे घटक लेबलावर लिहिणे बंधनकारक केले. पार्सलातून आलेल्या औषधाकडे संशयाने पाहण्याची सवय अशी लागली.

तरीही लोक टपालाने मागवत होते आणि त्यामागे नुसता भाबडेपणा नव्हता. काही औषधे चारचौघांत मागता येत नाहीत. बंद पार्सलाला तोंड नसते. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने टपालाने पाठवण्यावर बंदी घातली, यावरून हा मार्ग लोकांना किती सोयीचा होता ते कळते. गुप्तरोग, मानसिक आजार, गर्भनिरोध या बाबतींत आजही घरपोच सेवा अनेकांना आवडते ती याच आडोशासाठी. पायपीट वाचते हे कारण त्यानंतर येते.

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात या प्रश्नाला वेगळेच उत्तर मिळाले. या साऱ्या इतिहासातला हा माझा आवडता भाग. तिथे पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ १९२९ मध्ये आला आणि दूरवरच्या वस्तीवरून डॉक्टरशी बोलता येऊ लागले. पण डॉक्टरने सांगितलेले औषध आणायचे कुठून? १९४२ पासून फ्लाइंग डॉक्टर या विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या सेवेने वस्त्यांवर ठरावीक औषधपेट्या ठेवायला सुरुवात केली. आतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर रेडिओवर लक्षणे ऐकून सांगे, अमुक क्रमांकाची गोळी इतक्या वेळा घ्या. औषध रुग्णाच्या आधीच घरी पोचलेले आणि सल्ला मागाहून आवाजातून येणारा. औषध आणि सल्ला एकाच काउंटरवर मिळायला हवेत असे नाही, फक्त दोहोंची गाठ सुटता कामा नये, हे त्या पेट्यांनी दाखवून दिले.

पुढचा बदल आजारांनीच घडवला. पूर्वी औषध म्हणजे आठ दिवसांचे काम. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड बाजारात आले आणि रक्तदाब रोजच्या साध्या गोळीने आटोक्यात ठेवता येऊ लागला. अशी औषधे वाढत गेली, तशी औषधखरेदी महिन्याच्या सामानासारखी झाली. दर महिन्याला तीच चिठ्ठी, तीच गोळी, तीच रांग. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी टपालाने औषधे पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली होतीच. दीर्घकाळच्या आजारांमुळे तिला गिऱ्हाईक मिळाले.

गंमत अशी की याच सुमारास औषध दुकानदार उलट्या दिशेने निघाला होता. नुसत्या गोळ्या मोजून देणारा अशी ओळख त्याला नको होती. अमेरिकेत १९९० मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेतल्या रुग्णांना औषधाबद्दल समजावून सांगण्याची तयारी दाखवणे फार्मासिस्टला बंधनकारक झाले. एकीकडे बोलणे हे कर्तव्य ठरत होते, दुसरीकडे रुग्ण काउंटरवर येईनासा होत होता.

मग इंटरनेट आले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या फार्मसी मंडळांच्या, म्हणजे फार्मासिस्टना परवाने देणाऱ्या राज्य मंडळांच्या, संघटनेला खऱ्या ऑनलाइन दुकानांना ओळखचिन्ह देण्याची योजना सुरू करावी लागली, इतकी बनावट दुकाने निघाली होती. २००१ मध्ये रायन हेट हा अठरा वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मिळवलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे गेला. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला: नियंत्रित, म्हणजे व्यसन लागू शकेल अशी, औषधे इंटरनेटवरून द्यायची, तर डॉक्टरने रुग्णाला एकदा तरी समोर पाहिलेले असावे.

युरोपात हाच वाद न्यायालयात गेला. नेदरलँड्समधली डॉकमॉरिस ही ऑनलाइन फार्मसी जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना औषधे पाठवू लागली आणि जर्मन औषधविक्रेत्यांच्या संघटनेने दावा लावला. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये निकाल दिला. चिठ्ठीवरच्या औषधांसाठी टपालबंदी समर्थनीय ठरू शकते, चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांसाठी नाही. निकालातले एक निरीक्षण मला मूळ निर्णयाहून मोलाचे वाटते: घरून मागवताना फार्मासिस्टला काय विचारायचे याचा निवांत विचार करता येतो. मागे रांग खोळंबली असताना किती जण शंका विचारतात? समोरासमोरचा सल्ला म्हणून जे मिरवले जाते, ते पुष्कळदा 'जेवल्यावर घ्या' एवढ्यावर संपते.

२०२० च्या साथीने वाद बाजूला सारला. भारतात २६ मार्चला अधिसूचना काढून परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा मिळाली. इंग्लंडमध्ये एप्रिलपासून, ज्यांना घराबाहेर न पडण्यास सांगितले होते त्यांच्यासाठी दुकानांना सरकारी पैसे मिळू लागले. त्याआधी तिथली बहुसंख्य दुकाने स्वखर्चाने, सद्भावना म्हणून आणि स्पर्धेपोटीही, औषधे पोचवत. फुकट मिळणारी गोष्ट लवकरच हक्काची वाटू लागते. म्हणून दुकानाने पोचवण्याचे पैसे मागितले की लोक नाराज होतात, कारण ही सेवा तिथल्या सरकारी आरोग्ययोजनेचाच भाग आहे अशी अनेकांची समजूत असते. दुकानदार मात्र इंधन आणि माणसाचा पगार मोजत असतो. त्यात इन्सुलिनसारखे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखायचे, दार बंद असेल तर परत आणायचे, शेजाऱ्याकडे ठेवायचे नाही.

आणि गोळीचा रंग बदलतो. औषध तेच, कंपनी दुसरी, म्हणून मागच्या महिन्यातली पांढरी गोळी या महिन्यात गुलाबी येते. दारात उभ्या असलेल्या माणसाने पाकीट उघडायचे नसते आणि रंग का बदलला हे त्याला ठाऊकही नसते. पाकिटावर दुकानाचा फोन नंबर असतो. काही जण फोन करतात. काही जण दोन्ही गोळ्या घेतात.