आखाजीचा झोका, विहिरीवरची मोटर आणि शाळेतलं विज्ञान

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, दादा घरात कॉम्प्युटर किती? तो म्हणेल एक पण नाही, आणि बोलता बोलता खिशातून फोन काढून विहिरीवरच्या मोटरला मिस कॉल देईल. स्टार्टरच्या पेटीत जो मोबाईल ऑटो बसवलेला असतो ना, त्यात एक सिमकार्ड असतं आणि नखाएवढी चिप असते, म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच तो, फक्त स्क्रीन नाही न कीबोर्ड नाही. कॉल आला की चिप नंबर बघते, ओळखीचा असला तर रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, खट्ट वाजतो आणि मोटर चालू. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटरवरचा लोड कमी होतो, करंट उतरतो, चांगल्या ऑटोतली चिप ते ओळखून मोटर बंद पण करते. रात्री थ्री फेजची पाळी आली की बॅटरी घेऊन शेतात पळायचं, ते बऱ्याच जणांचं वाचलं ते याच्यामुळे.

कॅलिफोर्नियात झेरॉक्स पार्क नावाच्या संशोधन केंद्रात मार्क वायझर म्हणून शास्त्रज्ञ होता, त्याने १९९१ मध्येच लिहून ठेवलं होतं की कॉम्प्युटर पुढे रोजच्या वस्तूंत असा मुरेल की तो आहे हे कोणाच्या लक्षात पण येणार नाही. शेतात तसंच झालं. शाळेत मात्र कॉम्प्युटर अजून पाहुण्यासारखाच येतो, हार घालून, नारळ फोडून भिंतीवर टीव्ही लागतो आणि पोरं समोर मांडी घालून बघत बसतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडतो, चांगलीच सोय आहे, मी नावं ठेवत नाही. पण बघणं वेगळं आणि स्वतः मोजणं वेगळं, आणि मोजायचं सामान घराघरात आधीच पडलेलं आहे.

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती ॲक्सेलरोमीटरमुळे. चिपच्या आत सिलिकॉनचा केसापेक्षा बारीक स्प्रिंगवर टांगलेला एक कण असतो, फोन हलला की तो सरकतो आणि ते सरकणं विजेच्या भाषेत मोजलं जातं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, २०१६ पासून, ते हे आकडे सरळ ग्राफवर दाखवतं. फोन टेबलावर गप पडलेला असला तरी आकडा शून्य नाही, ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास येतो. का येतो यावर नववीच्या वर्गात अर्धा तास भांडण होऊ शकतं, आणि ते व्हावं.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निमाच्या झाडाला झोका बांधलेला असतोच. पाटीखाली रुमालात फोन घट्ट बांधा, ॲप चालू करा, पोरीला बसवा. दोरी साधारण चार मीटर असली तर जाऊन-येऊन एक झोका जवळपास चार सेकंदांचा. मग तिच्या जागी काकूला बसवा, वजन दुप्पट, वेळ जवळपास तेवढाच! हे पुस्तकात वाचून कोणाला खरं वाटत नाही. झोका खाली येतो तेव्हा आकडा ९.८ च्या वर जातो, ३० अंशातून सोडला असेल तर १२ च्या पुढे, म्हणून तर तळाशी अंग जड वाटतं. एक गंमत मात्र सांभाळा, पूर्ण झोक्यात तळ दोनदा लागतो, म्हणजे ग्राफला दोन शिखरं येतात. घाईत एका शिखरापासून लगेच पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ म्हणजे पूर्ण झोका धरला आणि त्यावरून, दोरीच्या लांबीवरून गुरुत्व काढलं तर उत्तर चौपट येतं, ३९ वगैरे, आणि मग पोरगं डोकं खाजवतं, पण खरा अभ्यास तिथूनच चालू होतो. आणि लांबी धरायची ती फांदीपासून पाटीपर्यंत नाही, बसलेल्या माणसाच्या पोटापर्यंत. उभं राहून झोका घेतला तर वेळ कमी का होतो हे इथेच सुटतं.

पुढची पायरी मातीची. अर्डुइनो ऊनो नावाचा हातात मावणारा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड मिळतो, त्याच्या जुन्या आर३ प्रकाराला काम चालवायची मेमरी फक्त २ केबी असते, व्हॉट्सॲपवरचा साधा फोटो पण मावणार नाही, पण केळीच्या बुडाशी ओल किती आहे हे सांगायला ती भरपूर झाली. त्याला जोडून मातीत खोचायचा कपॅसिटिव्ह सेन्सर चालतो कारण वीज साठवायच्या गुणात पाणी हवेच्या ८० पट आणि कोरडी माती ३ ते ५ पट, फरक एवढा मोठा आहे की थोडी ओल वाढली तरी कळतं. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्तातला सेन्सर घेऊ नका, ओल्या मातीत वीज जाऊन जाऊन दांड्या खाल्ल्या जातात. तरी सेन्सर देतो काय, तर ० ते १०२३ मधला एक आकडा, त्याचा अर्थ आपल्या काळ्या मातीत काय हे कोणी कंपनीवाला सांगणार नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर ओली माती तोला, कढईत भाजून कोरडी करा, परत तोला, ५०० ग्रॅमची ४०० झाली तर १०० ग्रॅम पाणी, म्हणजे कोरड्या मातीच्या २५ टक्के. अशा चार-पाच नोंदी झाल्या की सेन्सर तुमच्या शेताची भाषा बोलायला लागतो.

अडचणी आहेतच. फोन बापाचा असतो आणि तो बापासोबत शेतात जातो, म्हणून पाच पोरांत एक फोन धरूनच प्रयोग ठरवावा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंजची बोंब, पण एकदा ॲप घेतलं की या मोजण्याला नेट लागतच नाही, व्हिडिओला लागतं.

सोबत अजून एक प्रयोग, फक्त दोन फोनांचा. दहा मीटरवर ठेवा, दोन्हीवर फायफॉक्समधलंच आवाजाने चालू-बंद होणारं स्टॉपवॉच लावा. पहिल्या फोनपाशी टाळी वाजली की दोन्ही घड्याळं चालू, दुसऱ्यापाशी वाजली की बंद. दोन्हींत जो फरक येतो तो आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. जळगावात जानेवारीच्या १० अंशाच्या पहाटे आवाज सेकंदाला साधारण ३३७ मीटर पळतो, मे मधल्या ४५ अंशात ३५८ च्या आसपास. मे मध्ये शाळा बंद असते, पण एप्रिलच्या सकाळच्या शाळेत भरताना एकदा आणि सुटताना उन्हात एकदा मोजलं, आणि दोन्ही वेळी दहा-दहा टाळ्यांची सरासरी काढली, तर दीड-एक मिलिसेकंदाचा फरक सापडायला हवा.