अकूस्टिक रेकॉर्ड आणि इलेक्ट्रिक रेकॉर्ड: दिसायला जुळ्या, ऐकायला अजिबात नाही

चावीच्या ग्रामोफोनवर कुठलीही ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी लागली की बहुतेक लोक एकच म्हणतात, जुन्या रेकॉर्डचा आवाज असाच असतो, पातळ, नाकातून आल्यासारखा, वर खरखर. पण या "जुन्या रेकॉर्ड" मध्ये दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एक १९२५च्या आधीची अकूस्टिक, दुसरी त्यानंतरची इलेक्ट्रिक. आकार तोच, १० किंवा १२ इंच, तबकडी तीच लाखेची काळी, सुई तीच स्टीलची, मशीनही बऱ्याचदा तेच, त्यामुळे घोळ होणारच. मग होतं काय की अकूस्टिक रेकॉर्डला इलेक्ट्रिकच्या मापाने मोजतात आणि नापास करून टाकतात, आणि मला हे खरंच अन्यायाचं वाटतं, कारण चांगल्या मशीनवर नीट लावलेल्या अकूस्टिक रेकॉर्डमधला माणसाचा गळा जितका जवळ येतो तितका नंतरच्या कितीतरी रेकॉर्डमध्ये येत नाही.

अकूस्टिकमध्ये वीज कुठेच नाही. गायक भोंग्याच्या तोंडाशी उभा राहून गायचा, त्या आवाजाने भोंग्याच्या निमुळत्या टोकाला लावलेला पातळ पडदा थरथरायचा, आणि पडद्याला जोडलेली सुई फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर खाच कापत जायची. बस. म्हणजे मेण कापायला लागणारी सगळी ताकद गायकाच्या छातीतून आलेली असायची, मध्ये वाढवणारं काही नाही. म्हणून हळू गायलं तर खाच उमटायचीच नाही आणि वरच्या सुरावर जोर लावला तर सुई शेजारच्या खाचेत घुसायची, मग खालच्या सुराला भोंग्यात जवळजवळ डोकं घालायचं आणि तार सप्तकात गेलं की मागे सरकायचं, हे गायकाला शिकावं लागायचं. वादक भोंग्याभोवती अगदी दाटीवाटीने बसवायचे. साध्या व्हायोलिनचा आवाज पुरायचा नाही म्हणून ऑगस्टस स्ट्रोने काढलेलं, लाकडी पेटीऐवजी पडदा आणि धातूचा कर्णा लावलेलं व्हायोलिन वापरायचे. डबल बेस या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा हे पितळी फुंकवाद्य. म्हणजे आपण त्या काळचा ऑर्केस्ट्रा ऐकतोय असं वाटतं तेव्हा खरं तर भोंग्यासाठी बदललेला ऑर्केस्ट्रा ऐकत असतो, हे लक्षात ठेवलं की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

आता यातून पकडलं काय जायचं? ढोबळ मानाने २०० हर्ट्झच्या आसपासपासून दोन-अडीच हजारांपर्यंत. "स" आणि "श" मधला जो हवेचा भाग असतो तो बहुतेक याच्या वर असतो, म्हणून अकूस्टिक रेकॉर्डवर शब्द बोबडे वाटतात, "स" कुठे ऐकूच येत नाही. व्हायोलिनची धार जाते, झांजा जातात, आणि बायकांच्या उंच आवाजातला वरचा तजेलाही बराच जातो. पुरुषाच्या आवाजाचं नशीब यापेक्षा बरं होतं. त्यातला अगदी खालचा मूळ सूर खाचेत नसला तरी त्याच्या वरचे सूर असतात आणि आपला कान त्यावरून खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. एप्रिल १९०२मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या फ्रेड गेसबर्गने मिलानच्या हॉटेलात इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोच्या १० रेकॉर्ड केल्या आणि टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज, भोंग्याला किती मानवतो हे सगळ्यांना कळलं. त्या रेकॉर्डमध्ये साथीचा पियानो दूर कुठेतरी आहे, खोलीचा घुमारा तर नाहीच, पण गळा मात्र समोर.

खोली नसणं हीच माझ्या मते अकूस्टिकची सगळ्यात मोठी खूण आहे, खरखर नाही. लांबून भिंतीला आपटून येणारा आवाज पडदा हलवायला कमीच पडायचा, त्यामुळे रेकॉर्डवर फक्त भोंग्यासमोरचा माणूस. त्यात भोंग्याचे स्वतःचे घुमणारे सूर असायचे, रिकाम्या मडक्यात तोंड घालून सरगम म्हटली की एखादाच सूर उगाच मोठा होतो तसं, म्हणून सलग तान घेताना मध्येच एक सूर फुगून येतो आणि पुढचा बसतो. तो गायकाचा दोष नसतो.

इलेक्ट्रिकमध्ये हे सगळं उलटं झालं. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी माइक, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि विजेवर चालणारं कापायचं डोकं अशी साखळी बसवली, आणि १९२५मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन्ही रेकॉर्ड कंपन्यांनी ती घेतली. खाच कापायची ताकद आता अँप्लिफायरमधून यायला लागली. रेंज १००च्या आसपासपासून साधारण ५ हजारांपर्यंत गेली, म्हणजे खाली जवळपास एक सप्तक वाढलं आणि वरही एक. त्याच वर्षी मार्चच्या शेवटी कोलंबियाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये ८५० गायकांचा कोरस रेकॉर्ड केला, जे भोंग्यासमोर कधीच शक्य नव्हतं, आणि त्या रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा हॉल ऐकू येतो. शिवाय कुजबुजल्यासारखं गाणं शक्य झालं, पुढे बिंग क्रॉसबीसारख्या अमेरिकन गायकांची अख्खी शैली माइकवर उभी राहिली. सुरुवातीला कंपन्यांनी याचा फार गाजावाजा केला नाही कारण गोदामात जुन्या अकूस्टिक रेकॉर्ड पडून होत्या, म्हणून त्या काळात लोकांनी न कळतच दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकत घेतले आणि आजही जुन्या अल्बममध्ये ते तसेच मिसळलेले सापडतात.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग इलेक्ट्रिकच चांगली, संपलं. पण रेकॉर्डचा आवाज एकट्या रेकॉर्डचा नसतो, कशावर वाजवतो त्यावर अर्धा खेळ आहे.

अकूस्टिक रेकॉर्ड आजच्या इलेक्ट्रिक पिकअपवर (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) लावली की दोन-अडीच हजारांच्या वर संगीत जवळपास संपलेलं असतं पण लाखेची खरखर १० हजारांपर्यंत चालूच असते, आणि पिकअप तीही इमानदारीने देतो. इंटरनेटवर ऐकलेल्या बऱ्याच कॉपी अशाच असतात. त्यात एलपीच्या प्रीअँपमधून वाजवली तर अजून वाट लागते, कारण त्यातलं एलपीसाठी ठरवलेलं आरआयएएचं करेक्शन बेस वाढवतं आणि ट्रेबल कापतं, आणि अकूस्टिक रेकॉर्ड कापताना तसं काही केलेलंच नव्हतं, म्हणून खाली मशीनची घरघर फुगते आणि वर जे थोडंफार होतं तेही जातं. एलपीची सुई तर लावूच नये, तिचं टोक साधारण १ सहस्रांश इंचाचं, ७८ला ३च्या आसपास लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घाणीत लोळत जाते आणि आपण म्हणतो रेकॉर्ड झिजली आहे.

तीच तबकडी त्याच काळच्या चांगल्या भोंग्याच्या मशीनवर लावा. भोंगा आणि साउंडबॉक्स (सुई आणि पडदा बसवलेली डबी) वरची खरखर फारशी देऊच शकत नाहीत, आणि रेकॉर्डमध्ये जो पट्टा भरलेला आहे नेमका तोच ते जोरात फेकतात. भोंगा खोलीतली हवा ढकलतो, आवाज एका ठिकाणाहून येतो, माणूस जिथून गाईल तसा. हां, मशीनच्या भोंग्याचे घुमणारे सूर रेकॉर्डिंगच्या भोंग्यात मिसळतात, ते खटकतंच, ते नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण गळ्याच्या बाबतीत मी हा सौदा आनंदाने करेन. फक्त साउंडबॉक्स ठीक हवा. अभ्रकाच्या पडद्याभोवतीचं रबर इतक्या वर्षांनी दगडासारखं होतं, मग पडदा नीट हलत नाही आणि वरच्या सुरांना चरचर येते, आणि लोकांना वाटतं हा १९१०चा आवाज आहे. रबर बदललं की तेच मशीन ओळखू येत नाही. आणि स्टीलची सुई प्रत्येक बाजूला नवीन, यात काटकसर नको.

आता इलेक्ट्रिक रेकॉर्ड त्याच जुन्या मशीनवर लावली तर? मोठ्याने वाजते, पण खालच्या सुरांनी खाच जास्त डोलते आणि जुना जड साउंडबॉक्स तिच्यामागे नीट धावू शकत नाही, जोरकस जागी आवाज फाटतो आणि खाच खरवडली जाते. म्हणूनच व्हिक्टरने १९२५च्या नोव्हेंबरमध्ये ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला आणला, चावीचाच, वीज नाही, पण आत घडी घातलेला लांब एक्स्पोनेन्शियल, म्हणजे तोंडाकडे झपाट्याने रुंद होत जाणारा, भोंगा आणि अॅल्युमिनियमचा पडदा. इलेक्ट्रिक रेकॉर्ड अशा मशीनवर ऐकल्यावरच कळते. १९३०-४०च्या तबकड्या जुन्या साउंडबॉक्सखाली ठेवू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

एडिसनच्या डायमंड डिस्कचं प्रकरण वेगळंच आहे. १९१२पासून आलेल्या या पाव इंच जाड तबकड्यांमध्ये सुई डावी-उजवीकडे नाही तर वर-खाली हलते, त्यासाठी हिऱ्याची सुई आणि त्यांचंच मशीन लागतं, स्टीलच्या सुईने ती खराब होते. एडिसनची कंपनी टोन टेस्ट नावाचे कार्यक्रम करायची, स्टेजवर गायक आणि मशीन आळीपाळीने, दिवे घालवून, आणि बऱ्याच लोकांना फरक ओळखता यायचा नाही. गायक आपला आवाज मशीनशी जुळवून घ्यायचे हे खरं, पण अकूस्टिक रेकॉर्ड तिथपर्यंत पोचली होती हेही खरंच. एडिसनने इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग १९२७मध्ये सुरू केलं.

हातात तबकडी आली तर ओळखायचं कसं? लेबलजवळच्या मोकळ्या जागेत बघा, व्हिक्टरवर लंबगोलात व्हीई, कोलंबियावर गोलात डब्ल्यू, एचएमव्हीवर नंबरनंतर छोटा त्रिकोण असेल तर इलेक्ट्रिक. छोट्या कंपन्यांनी अकूस्टिक १९२५नंतरही काही वर्षं चालू ठेवलं, म्हणून नुसत्या सालावर जाऊ नका.

आणि स्पीड. अकूस्टिक काळात ७८ हा नियम नव्हता, ७०पासून ८०च्या वरपर्यंत काहीही असायचं, एडिसनच्या डिस्क ८०च्या. ७४ला कापलेली रेकॉर्ड ७८वर लावली की पांढरी एकचा सूर जवळपास काळी एकला जातो, शिवाय गायकाचं कंपन घाईचं होतं आणि भरदार गळा चिरका वाटायला लागतो. चावीच्या मशीनला स्पीडचा स्क्रू असतोच. गाण्याची मूळ पट्टी माहीत असेल तर पेटीवर सूर लावून मिळवा, नसेल तर गायकाचा लांब धरलेला सूर ऐकत स्क्रू थोडा थोडा मागे घ्या. आवाज पातळ वाटला तर पहिलं हे तपासायचं, मग साउंडबॉक्सचं रबर, मग सुई, आणि रेकॉर्डला नावं सगळ्यात शेवटी.