वाढीचं हार्मोन आणि ते स्रवायला लावणारी पेप्टाइडं

म्हापसा, मडगावच्या जिममध्ये हल्ली 'जीएच' (ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचं हार्मोन) आणि 'पेप्टाइड' (अमिनो आम्लांची छोटी साखळी) ही नावं एका दमात घेतली जातात. कुप्याही सारख्याच दिसतात: वर रबरी बूच, तळाला पांढरी भुकटी. पाणी मिसळायचं आणि इन्सुलिनच्या बारीक सुईने पोटाच्या कातडीखाली टोचायचं. आत गेल्यावर मात्र दोघांचं काम वेगळं.

जीएच म्हणजे सोमाट्रोपिन, १९१ अमिनो आम्लांचं तयार हार्मोन. १९८५ पर्यंत ते मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून काढत. त्यातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला, आणि जनुकीय तंत्राने बनवलेल्या हार्मोनने त्याची जागा घेतली. गाठीच्या ऑपरेशनमुळे किंवा रेडिएशनमुळे ग्रंथीच निकामी झाली असेल, तर हार्मोनच बाहेरून द्यावं लागतं.

सर्मोरेलिन, टेसामोरेलिन, इपामोरेलिन ही पेप्टाइडं ग्रंथीकडून हार्मोन सोडवून घेतात. म्हणजे ग्रंथी धड हवी. मेंदूतला हायपोथॅलॅमस जो ४४ अमिनो आम्लांचा संदेश पाठवतो, त्यातल्या पहिल्या २९ चा तुकडा म्हणजे सर्मोरेलिन.

खरा फरक नियंत्रणात आहे. खाजनाची मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं झडपेचं दार, भरती चढली की पाण्याच्या दाबाने आपसूक मिटते, तसं हार्मोन वाढलं की सोमाटोस्टॅटिन हे रोखणारं हार्मोन ग्रंथीला आवरतं. पेप्टाइड घेतलं तरी ही झडप चालू राहते. सोमाट्रोपिन म्हणजे बांधावरून थेट आत ओतलेलं पाणी.

एवढ्यावरून पेप्टाइड 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक' असं सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. जीएचच्या इशाऱ्यावर मुख्यतः यकृतात बनणारं आयजीएफ-१ दोन्हींनी वाढतं. सूज, सांधेदुखी, रक्तात साखर चढणं दोन्हीकडे होऊ शकतं. टेसामोरेलिनला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांच्या पोटातली चरबी कमी करण्यासाठी. इपामोरेलिनला तिथे औषध म्हणून मान्यताच नाही, कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' छापून ते विकतात. आत नेमकं काय आहे याची हमी कोण देणार? आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनो, 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत दोन्ही आहेत.

थकवा किंवा सुटलेलं पोट हे जीएचच्या कमतरतेचं निदान नव्हे. हे हार्मोन थांबून थांबून, मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं, त्यामुळे दुपारी एकदा रक्त देऊन पातळी कळत नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, आधी आयजीएफ-१ पाहतात, मग लागली तर उत्तेजन चाचणी करतात, म्हणजे औषधाने ग्रंथीला चेतवून हार्मोन किती स्रवतं ते पाहतात.