मुक्तस्रोत आज्ञावली

ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता, बदलता आणि बदललेल्या रूपात पुन्हा वाटता येते व हा हक्क परवान्यानेच दिलेला असतो, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. व्याख्येत परवान्याला महत्त्व आहे. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील साहित्यकृतींत झाला. त्यामुळे संहिता नुसती उघड्यावर ठेवल्याने ती मुक्त होत नाही. फाउंड्र्या असलेल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हा भेद सांगायला दूर जावे लागत नाही. तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घेणाऱ्याला ते वापरता येते, लेथवर चढवता येते. पण पॅटर्न, म्हणजे साचा करण्याचा नमुना, आणि ड्रॉइंग हाती नसेल तर त्याची जाडी दोन सूत वाढवून नवा नग ओतता येत नाही. शिवाय पॅटर्न फाउंड्रीत पडून असला, तरी ज्याचा आहे त्याने सांगितल्याखेरीज त्यावर माल काढत नाहीत. मूळ संहिता म्हणजे हा पॅटर्न, आणि मालकाचे ते सांगणे म्हणजे परवाना.

कल्पना संज्ञेहून जुनी आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. कार्यप्रणालीचा गाभा असलेले लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स १९९१ मधले. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र सर्वसाधारणपणे फेब्रुवारी १९९८ च्या आरंभी, पालो आल्टो येथील एका बैठकीच्या सुमारास, ख्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवले असे मानले जाते. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे त्याआधी काही दिवस जाहीर केले होते. काही जण हे श्रेय काल्डेरा कंपनीला देतात, कारण ओपनडॉस या कार्यप्रणालीविषयीच्या तिच्या सप्टेंबर १९९६ च्या निवेदनात हे शब्द येतात. परंतु शब्द आधी कुठे आढळणे आणि तो निश्चित व्याख्येसह रूढ होणे या निराळ्या गोष्टी आहेत. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ मध्येच स्थापन झाली आणि लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली बनवणाऱ्या डेबियन समूहाच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवरून तयार केलेली दहा निकषांची व्याख्या तिने स्वीकारली, हे पाहता पीटरसन यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

नव्या नावाची गरज इंग्रजीतील एका संदिग्धतेतून निर्माण झाली. तेथे ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्रही आणि फुकटही. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ यांची गल्लत होत नाही, म्हणून ती अडचण आपल्याकडे मुळातच नव्हती. येथे अडचण आहे ती वेगळी: ‘ओपन’लाही आपण ‘मुक्त’च म्हणतो, जसे नाशिकचे मुक्त विद्यापीठ. त्यामुळे वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य हा नैतिक प्रश्न मानणारा स्टॉलमन यांचा प्रवाह आणि मुक्त संहिता ही आज्ञावली घडवण्याची अधिक चांगली रीत मानणारा १९९८ नंतरचा प्रवाह मराठीत एकाच विशेषणाखाली येतात. ‘खुला स्रोत’ हा पर्याय सुचवला जातो. पण ‘खुला’ म्हटल्याने आत जायला आडकाठी नाही एवढेच कळते, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क कळत नाही. म्हणून या नोंदीत ‘मुक्तस्रोत’ हेच रूप वापरले आहे.

परवान्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. ग्नू परवान्यात बदललेली प्रत वाटायची तर तीही त्याच अटींवर वाटावी लागते. एमआयटी किंवा बीएसडी परवान्यांत तसे बंधन नसते.

मराठीपुरते पाहिले तर या चळवळीचे मोल अक्षरांत दिसते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. भेद फक्त आडव्या रफाराचा. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत हा रफार दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पहिला प्रकार इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीशी सुसंगत आहे, दुसरा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आज्ञावलीत त्यांची सांगड घातलेली नसेल तर ‘बंधाऱ्यावर’ हा शब्द एका रीतीने टंकून दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. अक्षरजुळणीचे काम करणारी हार्फबझ ही आज्ञावली मुक्त असून फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस यांत वापरली जाते. तिच्यातील देवनागरीचे नियम कोणालाही उघडून तपासता येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचा ‘मुक्त’ हा टंकही (फॉन्टही) मुक्त परवान्याखाली मिळतो. जुन्या, युनिकोडबाह्य टंकांत जुळवलेला मजकूर मात्र तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो, ही डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची व्यथा आहे.

१८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ यांच्या कोल्हापूर शहरात ग्रंथालयांच्या अंगानेही हा विषय महत्त्वाचा ठरतो. कोहा ही ग्रंथालय आज्ञावली न्यूझीलंडमध्ये जानेवारी २००० मध्ये कार्यान्वित झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. तिच्यात वापरल्या जाणाऱ्या, ग्रंथांच्या नोंदी करण्याच्या मार्क २१ पद्धतीच्या ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात ग्रंथनाम दुसऱ्या लिपीतही नोंदवता येते, त्यामुळे रोमन नोंदीला देवनागरी नोंद जोडून ठेवता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी निवेदनात मिळतात, आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला लिनक्सची ओळख करून द्यायला त्यांच्याइतके सोयीचे साधन दुसरे क्वचितच असेल.

हाच विचार नकाशालाही लागू होतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या नकाशामध्ये प्रत्येक ठिकाणाला मराठी नावाचे स्वतंत्र क्षेत्र आहे. कोल्हापुरातल्या पापाची तिकटी या ठिकाणाचे नाव यंत्राने भाषांतरित केले तर ओळखू येणार नाही; ते तिथल्या माणसानेच लिहावे लागते. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर याचे महत्त्व अधिक जाणवते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, परंतु त्या आकड्यावर कोणत्या गल्लीत पाणी शिरते हे आकडा सांगत नाही. क्यूजीआयएस या मुक्त आज्ञावलीत अवकाशातून मोजलेल्या उंचीची माहिती नकाशावर चढवता येते. मात्र सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या एसआरटीएम या, अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या माहितीचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो, आणि पेठेतल्या दोन-तीन बोळांना तो एकच उंची देतो. पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत आले होते, ही नोंद तिथे राहणाऱ्यालाच नकाशावर हाताने करावी लागते.