दुपारचे मृत्यू

माणूस दिवसाच्या कोणत्याही वेळी जाऊ शकतो. पण मँचेस्टरजवळच्या हाइड गावातले डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन यांच्या पेशंटांच्या मृत्यूच्या वेळा कागदावर मांडल्या, तेव्हा दुपारी एक ते चारच्या दरम्यान त्यांची दाटी झालेली दिसली. परिसरातल्या इतर डॉक्टरांच्या पेशंटांचा आलेख दिवसभर जवळपास सपाट होता. शिपमनचा आलेख दुपारी डोंगरासारखा चढत होता. तीच त्याची घरोघरी जाऊन पेशंट तपासायची वेळ.

गावाच्या दृष्टीने तो उत्तम फॅमिली डॉक्टर होता. निरोप गेला की घरी येणारा, म्हाताऱ्यांची आस्थेने चौकशी करणारा. घरी आलेल्या या डॉक्टरसमोर बाई विश्वासाने बाही वर करायची आणि तो डायमॉर्फिन, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं जबर वेदनाशामक, जीव जाईल इतकं टोचायचा. २००० साली त्याला १५ खुनांसाठी जन्मठेप झाली. पुढे सरकारी चौकशीने २१५ बळी निश्चित केले. त्यांतल्या बहुतेक वयस्कर स्त्रिया. अटकेनंतरही कितीतरी पेशंट त्याची बाजू घेत होते, आणि त्यांना भोळं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपण माणूस ओळखतो तो त्याच्या कामावरून, वागण्यावरून. रोज भेटणाऱ्या प्रत्येकाला मुळापासून तपासत बसलो तर जगणंच अशक्य होईल.

अमेरिकेतल्या विचिटा परिसरात डेनिस रेडरने १९७४ ते १९९१ या काळात दहा जणांचा जीव घेतला. तो बायकामुलांचा माणूस, पालिकेचा कर्मचारी आणि चर्चच्या समितीचा अध्यक्ष. २००५ साली पोलिसांना त्याने स्वतःच पाठवलेल्या फ्लॉपीत चर्चचं आणि त्याचं नाव दडलेलं निघालं, म्हणून तो सापडला. गॅरी रिजवे ट्रक रंगवायचं काम करायचा. पुढे ४९ खुनांत दोषी ठरलेला हा माणूस १९८४ मध्ये लाय डिटेक्टरच्या चाचणीतून सहीसलामत सुटला होता. घाम आणि नाडी मोजून खोटं पकडता येतं, हा समज त्यामुळे किती महागात पडला असेल, याचा विचारही करवत नाही.

अटक झाली की मात्र सगळ्यांना आठवू लागतं: ‘त्याची नजरच वेगळी होती.’ १९७५ साली मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी प्रयोगांतून दाखवलं की शेवट कळल्यावर तो आधीच दिसत होता असं आपल्याला वाटू लागतं. विक्षिप्त, शिस्तीची फार काटेकोर, अबोल माणसं लाखो असतात. त्यांतलं जवळपास कुणीच खून करत नाही. म्हणून चेहऱ्यावरून खुनी ओळखायचा प्रयत्न निष्पापांनाच छळतो.

हाइडमध्ये संशय आला तो नोंदी हाताळणाऱ्यांना. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची. शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंना शिपमनकडून येणारे हे फॉर्म फारच जास्त वाटले. अंत्यसंस्काराचं काम करणाऱ्यांनाही खटकत होतं: बायका आजारी अंथरुणात नव्हे, रोजच्या कपड्यांत खुर्चीत बसलेल्या सापडत होत्या. मार्च १९९८ मध्ये तक्रार गेली, पोलिसांनी वरवर पाहून फाइल बंद केली आणि त्यानंतर आणखी तीन जणी गेल्या. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते.

शेवटी एका बळीचं बनावट मृत्युपत्र तिच्या वकील मुलीच्या हाती पडलं. पुरलेल्या देहात मॉर्फिन सापडलं. शिपमनने कॉम्प्युटरवर पेशंटच्या जुन्या तारखांना खोटी दुखणी घुसडली होती. पण प्रत्येक नोंद खरोखर कधी टाइप झाली, ते मशीनने जपून ठेवलं होतं.

नंतर संख्याशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतल्या मालाची तपासणी करायला घडवलेली पद्धत या मृत्यूंना लावून पाहिली. अपेक्षित आणि प्रत्यक्ष मृत्यूंमधला फरक वर्षागणिक बेरजेत धरत गेलं असतं, तर धोक्याची घंटा अटकेच्या कितीतरी आधी वाजली असती.

इंग्लंडमधल्याच ग्लॉस्टरमध्ये फ्रेड वेस्ट या आणखी एका खुन्याचं घर १९९६ साली पाडून तिथे पायवाट केली. हाइडने बळींच्या आठवणीसाठी बाग केली. पण शिपमनची सावली फार दूरवर पडली: एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांकडे संशयाने पाहिलं गेलं, आणि मरणासन्न माणसाच्या वेदनांवर मॉर्फिन देतानाही काही डॉक्टरांचा हात अडखळू लागला. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न जाणारा प्रत्येक मृत्यू, उपचारांशी संबंध नसलेला दुसरा डॉक्टर तपासतो. दफन असो वा दहन, तो नातेवाइकांनाही विचारतो: तुम्हाला काही खटकलं का?