अर्ज एआयने लावावेत, नकार माणसाने द्यावा

जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई किंवा ठिबकच्या कारखान्यात ऑपरेटरच्या जागा निघाल्या की जामनेरपासून धडगावपर्यंतच्या आयटीआय झालेल्या मुलामुलींचे अर्ज येतात. एचआरमध्ये माणसं मोजकीच. अशा वेळी अर्ज चाळायला एआय घेणं योग्यच आहे. खरी काळजी घ्यायची ती यादीत तळाला गेलेल्यांची.

हे सॉफ्टवेअर आधी पीडीएफमधला मजकूर बाहेर काढतं, मग त्याचं आकड्यांत रूपांतर करतं, जागेच्या वर्णनाच्या आकड्यांशी ते ताडून पाहतं आणि गुण देतं. पहिल्याच पायरीवर गोची होते. सायबर कॅफेत कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला बायोडेटा डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. असा अर्ज वाचलाच जात नाही आणि उमेदवार तळाला जातो. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तर सॉफ्टवेअर पहिल्या शब्दालाच नाव समजतं. मग अर्ध्या यादीचं नाव ‘पाटील’ होतं आणि एकाची कागदपत्रं दुसऱ्याला चिकटतात. म्हणून चाळणी लावण्याआधी दहा-बारा पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहावा. तिथे कचरा दिसला तर ते अर्ज वेगळे काढून माणसानेच वाचावेत.

दुसरा दोष खोल आहे, कारण तो शिकण्यातूनच येतो. अ‍ॅमेझॉनने आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर शिकवून एक चाळणी तयार केली होती. अर्जदारांत पुरुषच जास्त होते, त्यामुळे अर्जात महिलांच्या क्लबचा किंवा महिला महाविद्यालयाचा उल्लेख आला की ती गुण कापू लागली. कंपनीने तो प्रयोग गुंडाळला. 2018 साली ही गोष्ट बाहेर आली. आपल्याकडे जात आणि लिंगाचा रकाना काढून टाकला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आदिवासीबहुल अक्कलकुवा-धडगावचा पिनकोड आणि वळवी, पाडवी, पावरा ही आडनावं तीच माहिती मागच्या दाराने आत आणतात. कापसाच्या हंगामात घरच्या शेतावर राबलेले महिने किंवा बाळंतपणानंतरचं वर्ष नोकरीतला ‘खंड’ म्हणून मोजलं जातं. ऑपरेटरच्या कामाशी यातल्या कशाचाच संबंध नाही. हे रकाने गुण देण्याआधीच झाकावेत.

तरीही पक्षपात उरला का, हे मोजता येतं. अमेरिकेत 1978 पासून चार-पंचमांशाचा नियम वापरला जातो. समजा, 100 मुलांपैकी 40 पुढे गेले, म्हणजे 40 टक्के; आणि 50 मुलींपैकी 14, म्हणजे 28 टक्के. 28 भागिले 40 बरोबर 0.70. हा आकडा 0.80 च्या, म्हणजे चार-पंचमांशाच्या खाली आला की चाळणी थांबवून कारण शोधायचं. मुलींचे अर्जच पाच-सहा असतील तर मात्र एकीच्या निवडीने गुणोत्तर इकडचं तिकडे होतं. तिथे या आकड्यावर विसंबू नये, सगळेच अर्ज वाचून काढावेत.

चॅटबॉटसारखं मॉडेल वापरत असाल तर तोच अर्ज दोनदा द्या, यादीतला क्रमही उलटा करून पाहा. गुण बरेचदा बदलतात. दहापैकी सात आणि साडेसात यांत भेद करण्याइतका तो काटा अचूक नाही. आणि उमेदवाराचं आधार, फोन नंबर असलेला अर्ज फुकटच्या चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती माहिती जपण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे.

रजा किती उरली, पीएफचा फॉर्म कसा भरायचा, ओव्हरटाइमचा हिशेब जुळतो का, ही कामं एआयकडे खुशाल द्यावीत. चूक झाली तरी ती लगेच दिसते, दुरुस्तही होते. नाकारलेल्या अर्जातली चूक कुणालाच दिसत नाही.

शिवाय काही कसब कागदावर उतरतच नाही. पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रुडरवर, म्हणजे पाइप तयार करणाऱ्या यंत्रावर, माल जास्त तापला की पाइपवर पिवळट झाक येते, नंतर तपकिरी रेघा उमटतात, मटेरियल जळून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वास सुटतो. चांगला ऑपरेटर पहिली झाक दिसताच तापमान पाहतो, मोटरवरचा लोड बघतो. हे बायोडेटात कुणी लिहीत नाही. ते अनुभवी सुपरवायझरने अर्धी शिफ्ट मशीनपाशी उभं करूनच पारखायचं.

एचआरवाल्यासाठी एक शिस्त सगळ्यात महत्त्वाची. यंत्राचे गुण आधी दिसले की माणूस नकळत त्यांच्यामागे जातो. म्हणून गुणांचा रकाना झाकून आधी आपला शेरा लिहायचा, मग तो उघडायचा. तळाच्या अर्जांतून दर वेळी वीसेक अर्ज चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि पूर्ण वाचायचे. यंत्राचा निर्णय फिरवला तर कारण, तारीख आणि सही वहीत नोंदवायची. दोन-तीन भरत्या होऊनही वहीत असा एकही फिरवलेला निर्णय नसेल, तर ते अर्ज खरंच वाचले जात होते का, हे वरिष्ठांनी तपासावं.